उत्सवमूर्ती पलंगाखाली

म्हाताऱ्या मांजराचा दत्तक-वाढदिवस करण्याचं काम मी कुणा भिडस्त माणसाला सुचवणार नाही. आपण कुणावर तरी उपकार केले ही समजूत या नात्यात फक्त एकाच बाजूला असते, आणि ती बाजू मांजराची नाही. हौस सगळी आपली. म्हणून माझी पद्धत अशी, की समारंभाची यादी आधी मनसोक्त लांबवावी आणि मग एकेक ओळ खोडत यावं. खोडून जे उरेल तेवढंच मांजराचं.

वाढदिवस सोडून दत्तक-वाढदिवसच का, असं पाहुणे विचारतात. कारण जन्मतारीख कुणालाच माहीत नसते. पिल्लाचं वय दातांवरून बऱ्यापैकी सांगता येतं, पण मोठं मांजर तोंड उघडून जांभई देतं, त्यापलीकडे फारसा पुरावा देत नाही. घरी आणल्याची तारीख मात्र पक्की असते. दहा वर्षं ओलांडली की पशुवैद्य मांजराला ज्येष्ठ म्हणू लागतात. माणसाच्या वयात मोजायचं तर ढोबळ हिशेब असा: पहिल्या वर्षाची १५, दुसरं संपताना २४, पुढे दरवर्षी ४. म्हणजे चौदा वर्षांचं मांजर बहात्तरीत असतं. बहात्तर वर्षांच्या गृहस्थांना भर दुपारी झोपेतून उठवून, डोक्यावर कागदी टोपी चढवून भोवती टाळ्या पिटल्या तर ते जे बोलतील, तेच मांजरही बोलतं. फक्त पंजानं. टोपी खोडा.

आता पाहुणे. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, मांजराला सुमारे ६४ हजारांपर्यंत. चुरचुरणारा चकचकीत कागद, फुगा चोळल्याचा आवाज, दहा जणांचं एकदम ओरडणं, हे सगळं त्याच्याकडे आपल्यापेक्षा सविस्तर पोहोचतं. वयानं कान मंदावले असतील तर वेगळीच पंचाईत: पाठीमागून आलेली मावशी त्याला थेट हवेतून प्रकट झाल्यासारखी दिसते. दोन-तीनच माणसं बोलवावीत, संध्याकाळी बोलवावीत (तेव्हा मांजर तसंही जागं असतं), आणि पहिली घंटा वाजण्यापूर्वी एका खोलीत शी-शूचा वाळूचा ट्रे, पाणी आणि त्याचं नेहमीचं अंथरूण मांडून ठेवावं. उत्सवमूर्ती तिथे पलंगाखाली बसली तर बसू द्यावी. तिला बाहेर ओढणारा पाहुणा पुढच्या वर्षी बोलवू नये.

बाकीच्यांना एक सूचना द्यावी: टक लावून बघू नका, डोळे बारीक करून सावकाश मिटा-उघडा. ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली दाखवून दिलं की असं करणाऱ्या अनोळखी माणसाकडे मांजरं जास्त आपणहून येतात. उपाय खरा आहे. फक्त तीन प्रौढ माणसं पलंगासमोर बसून पेंगुळल्यासारखी डोळे मिटतायत हे दृश्य शेजाऱ्यांना समजावून सांगणं कठीण जातं.

सजावटीची ओळ मी सगळ्यात जोरात खोडतो. रिबिनी, झिरमिळ्या, भेटवस्तूवरचा दोरा, सगळं बाद. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा थुंकणं त्याला जमत नाही आणि तो गिळला जातो. त्याचं एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकलं की आतडं त्या दोऱ्यावर चुण्या पडत गोळा होतं आणि कापलंही जाऊ शकतं. मग शस्त्रक्रिया. तोंडातून किंवा मागून दोऱ्याचं टोक लोंबताना दिसलं तर ओढायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. पुष्पगुच्छ आणणाऱ्यांना आधीच कळवा: लिली नको. पाकळी, पान, अंगावर पडून चाटला गेलेला पराग, फुलदाणीतलं पाणी, यातलं काहीही मांजराची मूत्रपिंडं एक ते तीन दिवसांत निकामी करू शकतं. सुगंधी तेलाचे दिवेही नकोत. त्या तेलांमधल्या कितीतरी घटकांचा नीट निचरा करणं मांजराच्या यकृताला जमत नाही. माणसांची पॅरासिटामॉल त्याला जीवघेणी ठरते, त्यामागेही यकृताचा हाच उणेपणा आहे. पार्टीत डोकं दुखलं तर गोळी पर्समध्येच ठेवा.

आता केक. मांजराला गोड चव लागतच नाही. ती चव ओळखणारं एक जनुक त्याच्यात बिघडलेलं असतं, हे २००५ साली सिद्ध झालं. म्हणजे चार थरांचा केक त्याच्या दृष्टीनं नुसता चिकट ठोकळा. चॉकलेट विषारी, बेदाणे धोक्याचे, आणि दूध बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही. कांदा-लसूण त्याच्या तांबड्या पेशी फोडतात, म्हणून तयार सूपच्या वड्या विरघळवून केलेलं ‘खास’ पाणीसुद्धा नको. त्यात बहुधा कांद्याची पूड असते.

चार किलोच्या मांजराला दिवसाला अंदाजे २०० कॅलरी लागतात, आणि खाऊ त्यातल्या दहा टक्क्यांत बसवायचा. म्हणजे २० कॅलरी, म्हणजे बिनमिठाच्या उकडलेल्या चिकनचे दहा-बारा ग्रॅम. बोटाच्या दोन पेरांएवढा तुकडा. एवढ्यावर वाढदिवस उरकतो म्हटल्यावर यजमानांचा चेहरा पडतो, पण काय करणार. मूत्रपिंडाचा आजार असेल तर तेवढंसुद्धा पशुवैद्याला विचारून.

मला विचाराल तर नवीन काही आणूच नये. नवं खाणं सात ते दहा दिवस हळूहळू जुन्यात मिसळत गेलं तर पचतं. एका संध्याकाळी दिलेली मेजवानी दुसऱ्या सकाळी गालिच्यावर भेटते. रोजचंच ओलं खाणं वाटीत दाबून बशीत उपडं करा, झाला केक. वर चमचाभर गरम पाणी घालून ते अडतीस अंशांच्या आसपास, म्हणजे मांजराच्या अंगाइतकं कोमट करा. म्हातारपणी नाक मंदावलेलं असतं आणि कोमट अन्नाचा वास जास्त पसरतो. मायक्रोवेव्हमध्ये केलंत तर नीट ढवळा, मधे चटके देणारे गोळे राहतात.

भेटवस्तू पायाजवळची असावी. बारा वर्षांवरच्या शंभर मांजरांचे जुने एक्स-रे तपासून २००२ साली एक पाहणी प्रसिद्ध झाली. त्यातल्या नव्वद मांजरांच्या सांध्यांत झीज दिसली. आणि मांजर क्वचितच लंगडतं. ते फक्त खिडकीत उडी मारायच्या आधी जरा जास्त वेळ विचार करतं, पाठ चाटायची सोडून देतं, किंवा ट्रेच्या बाहेर शू करतं आणि आपण त्याला खुनशी ठरवतो. पलंगाजवळ पायऱ्या ठेवा: प्रत्येकीची उंची पंधरा सेंटिमीटरच्या आत, चारही पाय एकदम मावतील इतकी रुंद, आणि वर न घसरणारं कापड. ट्रेची एक बाजू आठ-दहा सेंटिमीटरवर कापून तिची कड घासून घ्या. जुना ट्रे मात्र लगेच हलवू नका. दोन्ही शेजारी राहू द्या, निकाल मांजर देईल. नवं अंथरूण आणलं असेल तर त्यात जुन्याची न धुतलेली खोळ घाला. धुतलीत तर सगळं मुसळ केरात.

फोटोशिवाय मात्र कुणी सोडत नाही. फ्लॅश नको: डोळ्यामागचा चकाकता पडदा तो उजेड जसाच्या तसा परतवतो आणि उत्सवमूर्तीचं भूत दिसतं. खिडकीच्या उजेडात, मोबाइल मांजराच्या उंचीवर आणून बाजूनं काढा. मग तो गेल्या वर्षीच्या फोटोशेजारी ठेवून बघा. डोळ्यांत किंचित निळसर झाक बहुधा वयाची असते. पण भर उजेडातही बाहुल्या मोठ्याच राहत असतील तर रक्तदाब मोजायला हवा, कारण उंच रक्तदाबानं मांजर एका रात्रीत आंधळं होऊ शकतं. पाठीवर केसांच्या गाठी आल्या असतील, कणा उठून दिसत असेल, तर तेही डॉक्टरांना दाखवायचं. ‘या वयातही काय छान जेवतं!’ हे कौतुक पाहुण्यांकडून ऐकलं की मी आधी वजन विचारतो. खाणं वाढून वजन घटणं ही थायरॉइड अति चालल्याची खूण आहे. ट्रेमधले शूचे गोळे मोठे होत असतील तर मूत्रपिंड आणि साखर तपासायची. या वयात सहा महिन्यांतून एकदा तपासणी हवीच.

वजन करायला तान्ह्या बाळाचा काटा उत्तम. तो नसेल तर मांजराला कडेवर घेऊन साध्या काट्यावर उभं राहावं, मग एकट्यानं, आणि वजाबाकी करावी. असे काटे बरेचदा शंभर ग्रॅमच्या टप्प्यानं सरकतात, म्हणून तीनदा मोजून सरासरी काढावी. चार किलोतले चारशे ग्रॅम गेले म्हणजे दहावा हिस्सा गेला. मोजणी केक कापण्याआधी उरकावी, कारण चार थरांचा तो केक शेवटी आपल्यालाच संपवावा लागतो. वहीत फक्त मांजराचा आकडा लिहायचा. दुसरा आकडा लिहून ठेवावा असं कोणताही पशुवैद्य सांगत नाही.