‘सैतानाचा आकडा’ : तो मेसेज पुढे पाठवू नका

ॲपलचा पहिला कॉम्प्युटर 666.66 डॉलरला होता, म्हणजे कंपनीने 666 हा ख्रिश्चन परंपरेत सैतानाचा मानला जाणारा आकडा मुद्दाम निवडला आणि लोगोतलं उष्टं सफरचंद म्हणजे बायबलमधल्या हव्वेने खाल्लेलं निषिद्ध फळ, असा मेसेज फिरतोय.

1976 मधली ती किंमत खरी आहे, कारण मात्र साधं. दुकानदाराला 500 डॉलरला पडणाऱ्या यंत्रावर एक-तृतीयांश नफा धरला की जवळपास 667 होतात. तो कॉम्प्युटर बनवणारे ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाक यांना एकच अंक ओळीने आलेला आवडायचा, म्हणून 666.66. हे त्यांनी स्वतःच सांगितलंय.

लोगो डिझायनर रॉब जॅनॉफ यांनी केलेला, 1977 चा. घास घेतला नसता तर फळ चेरीसारखं वाटलं असतं, असं तेच सांगतात. फोनवरचा तो घास मनातल्या मनात भरून बघा, पटेल.

श्रद्धेचा मान राखूनच विनंती करते, हा मेसेज थांबवा. आधी पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.