रोज पंधरा मीटर खचणारी इमारत

कोथरूड ते डोणजे हे अंतर किती, या साध्या प्रश्नाची सध्या माझ्याकडे तीन उत्तरे आहेत. सायकलच्या हँडलवरचा मीटर 20.9 किलोमीटर सांगतो, त्याच्याच शेजारी पट्ट्यात अडकवलेला मोबाइल 19.4 म्हणतो, आणि मनगटावरचे घड्याळ लहर लागली तर 19.8 म्हणते, नाही तर काहीच म्हणत नाही. रस्ता रोज तोच असतो: कर्वेनगरवरून राजाराम पूल, मग सिंहगड रस्ता, वडगाव, धायरी फाटा, नांदेड फाटा, किरकटवाडी, खडकवासल्याचे धरण आणि पुढे डोणजे. सायकलही तीच असते, भाच्याने परदेशी जाताना "मामा, तुम्हीच वापरा आता" असे म्हणून आमच्या पार्किंगमध्ये ठेवून दिलेली. घामही माझाच असतो. आकडे तेवढे ज्याचे त्याचे असतात.

पुण्यात व्यायामाचे संकल्प थंडीत केले जातात आणि थंडीतच मोडले जातात, याची मला कल्पना आहे. माझाही संकल्प रीतसर डिसेंबरातच झाला होता. परंतु त्यावर विचार करण्यात संक्रांत गेली, सायकलच्या चाकांत हवा भरून आणण्यात होळी गेली, आणि प्रत्यक्ष पायडल मारायला गुढीपाडवा उजाडला. तेव्हापासून मी रोज पहाटे पाच वाजून वीस मिनिटांनी घर सोडतो, कारण आठनंतर सिंहगड रस्त्यावरचे डांबर आणि त्या डांबरावरचे वाहनचालक एकदमच तापतात.

माझ्या तीन साक्षीदारांपैकी सर्वांत जुना आणि सर्वांत निर्मळ मनाचा साक्षीदार म्हणजे हँडलवरचा मीटर. पुढच्या चाकाच्या एका तारेला लोहचुंबकाचा तुकडा बसवलेला असतो आणि तो समोरून गेला की चाकाची एक फेरी झाली, एवढेच या मीटरला कळते. त्या फेऱ्यांना चाकाच्या परिघाने गुणून तो अंतर सांगतो. त्याला उपग्रह लागत नाहीत, इंटरनेट लागत नाही, आणि नाण्याएवढ्या एका बॅटरीवर तो महिनोन् महिने काढतो. मात्र चाकाचा परीघ त्याला आपण सांगावा लागतो, आणि आपण जे सांगू त्यावर तो जुन्या वळणाच्या सुनेसारखा निमूट विश्वास ठेवतो. भाच्याने त्याला आपल्या दुसऱ्या, मोठ्या चाकांच्या सायकलचा 2,155 मिलिमीटर हा परीघ सांगून ठेवला होता. माझ्या सव्वीस इंची चाकांना तो आकडा लागू नाही, हे मला दीड महिना कळले नाही. आणि कळले तेव्हाही ते मला नव्हे, तर तिसऱ्या मजल्यावरच्या आप्पांना कळले.

आप्पा सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले असल्याने जिल्ह्यातल्या कोणत्याही रस्त्याविषयी बोलताना त्यांच्या स्वरात पितृत्वाची भावना असते. "वीस पॉइंट नऊ?" ते म्हणाले. "डोणजे काय तुमच्या सोयीसाठी पुढे सरकलंय? एखाद्या किलोमीटरच्या दगडावरून ताळा करून बघितलात का?" मी ताळा करण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला होता, पण रस्ता रुंद करताना काही दगड गाडले गेले आहेत आणि उरलेल्यांपैकी मला सापडलेला एकमेव दगड कोण्या भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्समागे उभा होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पार्किंगमध्ये अधिकृत मोजणी झाली. टायरचा व्हॉल्व्ह बरोबर खाली आणून जमिनीवर खडूने रेघ मारायची, चाक सरळ रेषेत एक पूर्ण फेरी पुढे न्यायचे, व्हॉल्व्ह पुन्हा खाली आला की दुसरी रेघ मारायची आणि मधले अंतर टेपने मोजायचे, अशी ही पद्धत आहे. हे करताना स्वार सायकलवर बसलेला असावा लागतो, कारण त्याच्या वजनाने टायर थोडा दबतो. वॉचमनने हँडल धरले, मी वर बसलो, गॅलऱ्यांमधून प्रेक्षक जमले, आणि आप्पांनी जमिनीवर गुडघे टेकून एकदा आणि चष्मा पुसून दुसऱ्यांदा मोजले. "दोन हजार तेवीस," त्यांनी जाहीर केले. "तुम्ही उतरलात तर थोडा वाढेल. चाकाला बराच त्याग करावा लागतोय."

हिशेब केला तेव्हा साडेसहा टक्क्यांचा घोळ निघाला. याचा अर्थ असा, की नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर मी रोज जे अभिमानाने "आज 41.8" असे टाकत होतो, त्यातले अडीच किलोमीटर मी कधी चालवलेच नव्हते. जाऊन-येऊन खरे अंतर 39.2 होते, आणि 39.2 हा आकडा मे महिन्यात कोणालाही सांगण्यासारखा नसतो. ऐकणाऱ्याला वाटते, की आपण त्या दिवशीचे तापमान सांगत आहोत, आणि तो सहानुभूतीने "हो ना, काल तर चाळीस होतं" असे म्हणून मोकळा होतो. शेवटी मी तुटीचे 800 मीटर भरून काढण्यासाठी घरी पोहोचल्यावर आमच्या गल्लीत 200 मीटरच्या चार फेऱ्या मारू लागलो. घराच्या फाटकासमोरून चार वेळा जाऊनही आत न शिरणाऱ्या माणसाकडे पहिले काही दिवस गल्लीतली कुत्री संशयाने पाहत असत. आता ती उठतही नाहीत. वॉचमन मात्र मोजतो. "साहेब, तीनच झाल्या," असे त्याने दोनदा मला परत पाठवलेले आहे.

मोबाइलची रीत वेगळी आहे. तो कोणाच्याही सांगण्यावर विसंबत नाही. तो थेट आकाशाला विचारतो. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या जीपीएस उपग्रहांपैकी किमान चार दिसले, की त्यांचे संदेश पोहोचायला किती वेळ लागला यावरून तो आपली जागा काढतो. एवढ्या लांबून आलेला क्षीण संदेश एखाद्या उंच इमारतीवर आपटून, वळसा घेऊन आला, तर त्याला किंचित उशीर होतो, आणि मोबाइलच्या लेखी उशीर म्हणजे अंतर. एखादा पाहुणा उशिरा आला म्हणून तो लांब राहत असेल, असा निष्कर्ष पुण्यात कोणी काढत नाही, मोबाइल काढतो. परिणामी नकाशावर उमटलेल्या रेषेत मी सिंहगड रस्त्याच्या उड्डाणपुलाच्या आसपास कधी डावीकडच्या सदनिकांतून, तर कधी उजवीकडच्या दुकानांतून सायकल हाकत गेलेला दिसतो. वळणे तो कापून टाकतो, म्हणून एकूण अंतर कमी भरते. उलट डोणज्याला टपरीसमोरच्या बाकावर मी स्वस्थ बसलेला असताना रेषा माझ्याभोवती कोळ्यासारखी जाळे विणत राहते आणि चहा संपेपर्यंत माझ्या नावावर दोन-तीनशे मीटर जमा होतात. आजवरच्या माझ्या व्यायामातला हाच भाग मला सर्वाधिक मानवला आहे.

मेमधल्या एका रविवारी मी अंगात वीरश्री संचारल्यामुळे पानशेत रस्त्याने खानापूरपर्यंत गेलो. तिथे बॅटरी वाचवण्याच्या सद्हेतूने मोबाइलने नोंदीचे ॲप परस्पर बंद केले, ते मी घरी येऊन उघडीपर्यंत बंदच होते. मधल्या चोवीस-पंचवीस किलोमीटरांचे काय करायचे, हा प्रश्न त्याने एक सरळ रेषा ओढून सोडवला. ती रेषा खडकवासल्याच्या जलाशयावरून निघून, पलीकडच्या काठावरच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या आवारातून थेट कोथरूडला आमच्या दारात येत होती. लष्कराच्या हद्दीतून विनापरवाना सायकल नेल्याचा हा लेखी पुरावा पाहून मी घाबरलो आणि तो पुसण्याच्या खटपटीला लागलो, तेवढ्यात हिने चष्मा लावून नकाशा नीट न्याहाळला आणि म्हणाली, "उन्हाचे पाण्यावरून आलात ते बरं केलंत."

उन्हाळा ही या यंत्राच्या बाबतीत एक स्वतंत्र आपत्ती आहे. परतीच्या वाटेवर कपाळावरचा घाम हनुवटीवरून ठिबकतो तो नेमका मोबाइलच्या काचेवर, आणि त्या काचेला घामाचा थेंब आणि माणसाचे बोट यांत भेद करता येत नाही. नांदेड फाट्याजवळ एका थेंबाने माझी फेरी समाप्त केली आणि मी रुमाल काढेपर्यंत दुसऱ्या थेंबाने "ही नोंद काढून टाकायची का?" या प्रश्नाला माझ्या वतीने होकार दिला. ऊन आणखी चढले, की हा मोबाइल आपण फार तापलो असल्याची सूचना दाखवून स्वतःहून बंद पडतो. तापलेलो मीही असतो. मला तशी सोय नाही.

घड्याळ या दोघांहून महाग असल्यामुळे त्याच्या चुकाही वरच्या दर्जाच्या आहेत. पाठीमागून कातडीत हिरवा प्रकाश सोडून, रक्ताच्या प्रत्येक ठोक्यागणिक तो किती शोषला गेला यावरून ते नाडी मोजते. पट्टा सैल असला, मनगट घामेजले आणि रस्ता खडबडीत असला, की त्याचा गोंधळ उडतो आणि ते हृदयाऐवजी पायांचा ताल मोजू लागते. सिंहगडाच्या घाटात मी एकदाच गेलो. तिथे जीव कानांत आला असताना घड्याळाने माझी नाडी 68 दाखवली, जी मला चाळिशीनंतर झोपेतही लाभलेली नाही. आणि वर दम खात दगडावर बसलो तेव्हा 171 दाखवली. याच घाटात त्याने माझा आणखी एक अपमान केला. सिग्नलला थांबलेला वेळ मोजला जाऊ नये, म्हणून वेग फार कमी झाला की नोंद आपोआप थांबवण्याची सोय त्यात आहे. चढावर उभ्याने पायडल मारत, दातओठ खात मी वर चाललो होतो, तेव्हा घड्याळ मनगटावर हळूच थरथरले. मी पाहिले, तर काचेवर लिहिले होते, की मी थांबलेलो आहे.

कॅलरींविषयी मी फारसे बोलणार नाही. घड्याळ एका फेरीचे 1,150 देते आणि मोबाइल 640. मी खाताना घड्याळाचे ऐकले, वजनाने मोबाइलचे ऐकले.

उंचीचे प्रकरण मात्र सांगितलेच पाहिजे, कारण त्यात आमची संपूर्ण सोसायटी गुंतलेली आहे. घड्याळात वायुदाबमापक आहे. वर जाऊ तसा हवेचा दाब कमी होतो, साधारण नऊ मीटरला एक हेक्टोपास्कल, आणि त्या हिशेबाने ते उंची सांगते. निघताना मी त्याला पुण्याची 560 मीटर ही उंची सांगतो. परतल्यावर, त्याच फाटकात, त्याच फरशीवर उभा राहून पाहतो तर ते 545 दाखवते. पहिल्या दिवशी मी दुर्लक्ष केले. पण इमारत रोज पंधरा मीटर खचते आणि रात्रीतून निमूटपणे पुन्हा वर येते, हे आठवडाभर पाहिल्यावर मी आप्पांकडे गेलो. आमचे घर दुसऱ्या मजल्यावर असल्यामुळे पंधरा मीटर म्हणजे मी रोज सकाळचा चहा तळघराच्याही खाली बसून पीत होतो. आप्पांनी घड्याळ उलटसुलट करून पाहिले आणि गंभीरपणे म्हणाले, "बिल्डरनं पाया कच्चा ठेवलाय, हे मी पहिल्या मीटिंगपासून सांगतोय. यंत्रानं आता मान्य केलं, एवढंच."

खरे कारण पुढे त्यांनीच काढले. उष्ण कटिबंधात हवेच्या दाबाला रोजची भरती-ओहोटी असते. पहाटे चारच्या सुमारास तो उतरलेला असतो आणि सकाळी दहाच्या सुमारास चढलेला असतो. मी नेमका त्या चढणीच्या तासांत सायकल चालवतो आणि दाब वाढला, म्हणजे आपण खाली आलो, असे घड्याळ समजते. भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय 1928 साली सिमल्याहून ज्या शहरात आले आणि 1944 साली दिल्लीला हलल्यानंतरही ज्या शहराने त्या कचेरीला सिमला ऑफिस म्हणणे सोडले नाही, त्या शहरात वायुदाबाविषयी इतके अज्ञान बाळगल्याबद्दल आप्पांनी माझी हजेरी घेतली. पायाविषयीचे आपले मत मात्र त्यांनी मागे घेतले नाही.

मेच्या अखेरच्या आठवड्यात एका पहाटे हे तिन्ही साक्षीदार एकदम फितूर झाले. घड्याळाचा चार्जर मुलगी वसतिगृहावर घेऊन गेली होती, मोबाइल मी घाईत जेवणाच्या टेबलावर विसरलो होतो, आणि मीटरचा लोहचुंबक तारेवरून घसरून आसापाशी जाऊन बसल्यामुळे मी वडगाव ओलांडले तरी मीटर शून्यावर होता. परत फिरावे, असे माझ्या मनात प्रामाणिकपणे आले होते. ज्या फेरीची नोंद नाही ती मारण्यात काय हशील, हा विचार दोन महिन्यांत माझ्या हाडीमाशी भिनला होता. पण आदल्या संध्याकाळी वळवाचा पाऊस पडून गेला होता, मातीचा वास अजून हवेत होता, आणि वारा पाठीशी होता. मी चालवत राहिलो. धरणाची भिंत नेहमीपेक्षा लवकर आली. डोणज्याच्या टपरीवाल्याचे दूध अजून तापले नव्हते. येताना किरकटवाडीला मी एका कॉलेजच्या मुलाला मागे टाकले. तो चेन बसवायला थांबलेला होता हे खरे असले, तरी मागे टाकले हेही खरेच.

घरी येऊन मी हे सर्व सांगितले. हिने "हो का" म्हटले. आप्पांनी "पुरावा?" असे विचारले. खट्टू होऊन मी खाली पार्किंगमध्ये सायकल पुसायला गेलो, तर माझा चेहरा पाहून वॉचमनने चौकशी केली आणि सगळे ऐकून घेतल्यावर शांतपणे टेबलाच्या खणातून पाहुण्यांच्या नोंदीचे रजिस्टर काढले. "तुमचं रोज लिहितो की साहेब. येणारं-जाणारं सगळं लिहायचं, असा सेक्रेटरी साहेबांचा हुकूम आहे." पाडव्यापासूनची प्रत्येक सकाळ त्यात निळ्या शाईने उतरलेली होती. नेहमीची ओळ होती, बाहेर 5:20, आत 7:55. त्या दिवशीची होती, बाहेर 5:20, आत 7:31, फेऱ्या 4. नेहमीपेक्षा चोवीस मिनिटे लवकर! मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली, आणि तशी ती पूर्ण वाचल्यामुळेच शेवटच्या रकान्याकडे माझे लक्ष गेले. रकान्याचे शीर्षक छापील होते, "कामाचे स्वरूप", आणि त्याखाली दोन महिने रोज, एकही दिवस न चुकवता, त्याने लिहिले होते, "काही नाही."

मी वर जाऊन मोबाइल आणला, त्या पानाचे छायाचित्र काढले, शेवटचा रकाना काळजीपूर्वक कापला आणि नातेवाइकांच्या गटावर पाठवून दिले.