गोळी कितव्या दिवशी घेतली ते आधी सांगा

शुभाने चहाबरोबर मेफ्टाल घेतली आणि पम्या लगेच सुरू, सारख्या पेनकिलर खाऊ नको, हार्मोन्सची वाट लागते. शुभा म्हणाली दर महिन्याला तुझ्या पोटात कळा आल्या असत्या ना तर ऐकलं असतं तुझं.

तेजूचं मेडिकल आहे, त्यामुळे ती मधे पडलीच. म्हणे पाळीच्या कळा येतात प्रोस्टाग्लँडिन नावाच्या शरीरातल्या रसायनामुळे, त्याने गर्भाशय आवळतं, आणि मेफेनॅमिक अ‍ॅसिड (मेफ्टालमधलं औषध), आयब्युप्रोफेन वगैरे गोळ्या ते तयारच होऊ देत नाहीत. मेफेनॅमिकचा २०२३ मधे सरकारी अलर्ट आला होता तोही अ‍ॅलर्जीच्या रिअ‍ॅक्शनचा, हार्मोनचा नाही.

पम्याने मग मोबाईल काढला. बगदादचा २०१५ चा स्टडी, पाठदुखीवाल्या ३९ बायका, पाळीच्या दहाव्या दिवसापासून दहा दिवस रोज गोळी. डायक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन याही पेनकिलरच. डायक्लोफिनॅकवाल्यांत जेमतेम ६ टक्के जणींचं अंडं बाहेर पडलं, नॅप्रोक्सेनवाल्यांत २५, गोळी न घेणाऱ्यांत सगळ्यांचं. प्रोजेस्टेरॉन हे हार्मोनही उतरलं. आता बोल!

आता पम्या इतका काही चुकीचा नव्हता, कारण अंड्याची पिशवी फुटायलाही हेच प्रोस्टाग्लँडिन लागतं. पण तेजू म्हणाली अरे दहावा ते विसावा दिवस, शुभा घेते पहिल्या-दुसऱ्या दिवशी, तेव्हा कुठलं अंडं फुटतंय? शिवाय ३९ म्हणजे किती कमी, आणि गोळी थांबवल्यावर पुढच्या महिन्यात सगळं नॉर्मल झालं हे का नाही वाचलंस?

मग काकूंनी विचारलं, पाळी जाऊन वर्षं झाली, गुडघ्यासाठी मी घेते त्याचं काय? तर तेजू म्हणाली, त्या वयात इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन चरबीत बनतं आणि ते बनवणाऱ्या एन्झाइमला प्रोस्टाग्लँडिन चेव आणतं. अमेरिकेतल्या नर्सेसच्या २०१० च्या स्टडीत नेहमी पेनकिलर घेणाऱ्यांचं इस्ट्रॅडिओल, म्हणजे इस्ट्रोजेनचाच एक प्रकार, थोडं कमी निघालं होतं. पम्या म्हणाला बघा बिघडलंच, पण ब्रेस्ट कॅन्सरवाले लोक हे कमी होणं चांगलं म्हणून तपासत होते, आणि गोळीनेच झालं असंही त्यातून सिद्ध होत नाही. काकू, तुम्ही हार्मोन सोडा, रोज घेताय तर किडनी आणि अ‍ॅसिडिटीचं बघा.

एवढा वेळ गप्प बसलेली रश्मी तेव्हा बोलली. ती आणि तिचा नवरा बाळासाठी चान्स घेतायत, आणि कंबरेसाठी डायक्लोफिनॅक चालूय महिनाभर. तेजूने विचारलं, गायनॅकला सांगितलंयस का? नाही, म्हणे ऑर्थोने दिली होती ना.