पुनर्वसन करताना शेजारच्या वाडीलाही विचारा

दरड कोसळली, धरण फुटलं की पहिला प्रश्न येतो, या माणसांना वसवायचं कुठे? तो यायलाच हवा. २०१९ ला तिवरे, २०२१ ला तळिये, २०२३ ला इर्शाळवाडी. त्यांचं दुःख आपण कोकणातल्यांनी जवळून पाहिलंय. पण जिथे ती वसतात, तिथे आधीपासून राहणाऱ्यांना "तुमचं कसं चाललंय?" असं विचारायला कुणी आलेलं मी पाहिलं नाही.

आमच्या वाडीला लागूनही अशीच एक वसाहत आहे. माणसं कष्टाळू, भाताच्या लावणीला एकमेकांकडे जाणं-येणं आहे. पण गुरचरण गेलं, गुरं बांधावर आली. एप्रिल उजाडला की विहीर तळाला जाते, आणि त्याच नळपाणी योजनेच्या टाकीवर आता दोन वस्त्या. भांडण पाण्याचं होतं, ते माणसांवर गेलं. शिमग्यात पालखी वसाहतीत न्यायची का, यावर गावकीची बैठक मोडली. पुढे त्यांची टाकी वेगळी झाली, आणि त्या वर्षी पालखी तिकडच्या प्रत्येक अंगणात नाचली. कुणाचं मन वळवायला लागलं नाही.

धरणग्रस्तांच्या नव्या गावठाणाला १८ नागरी सुविधा द्यायच्या, असा आपल्याकडे नियम आहे. त्याही कशाबशा मिळतात. शेजारच्या जुन्या गावाच्या विहिरीचा, शाळेच्या खोल्यांचा हिशोब मात्र कुणीच मांडत नाही.

बांगलादेशात २५ ऑगस्ट २०१७ नंतर काही महिन्यांतच म्यानमारमधून पळालेले सात लाखांच्या आसपास रोहिंग्या निर्वासित कॉक्स बझार जिल्ह्यात आले. तिथल्या उखिया-टेकनाफ या तालुक्यांतली मूळ माणसं आपल्याच भागात संख्येनं कमी पडली, सरपणापायी डोंगर बोडके झाले. पुढे छावणीत गॅस सिलिंडर वाटले, तेव्हा आसपासच्या गावांतल्या कुटुंबांनाही दिले. युगांडात निर्वासितांच्या मदतीतला ३० टक्के वाटा यजमान गावांसाठी ठेवायचं धोरण आहे. आपल्यापेक्षा लहान देश हा विचार करतात, आणि आपण जमीन मोजून मोकळे होतो! मग गावानं तोंड उघडलं की "ग्रामस्थांचा विरोध" अशी बातमी. याचा मला खरोखर संताप येतो.

पुढच्या वेळी जागा ठरवण्याआधी त्या गावची ग्रामसभा घ्या. उन्हाळ्यात विहिरीला पाणी किती राहतं ते मे महिन्यात येऊन बघा. वसाहतीच्या निधीतच जुन्या वाडीच्या पाण्याचे आणि शाळेचे पैसे धरा. आणि लोक राहायला आल्यावर दोन्हीकडच्या घरी जाऊन विचारा.