पाचशे रोपांची पावती आणि कारखान्याचा धूर

‘शंभर झाडे लावा आणि कुटुंबाचा वर्षभराचा कार्बन फेडा, पाचशे लावा आणि कारखाना कार्बनमुक्त करा’ अशा अर्थाचा संदेश गेले काही महिने फिरतो आहे. चाकणला पावडर कोटिंगचा, म्हणजे धातूच्या वस्तूंवर रंगाची भुकटी भट्टीत भाजून चढवण्याचा, छोटा कारखाना चालवणाऱ्या माझ्या मावसभावाने तो खरा मानून सुप्याकडच्या माळावर लावायच्या पाचशे रोपांचे पैसे भरले आणि पावती मला कौतुकाने पाठवली, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

संदेशाचा सारा हिशेब ‘एक झाड वर्षाला 22 किलो कार्बन डायऑक्साइड शोषते’ या वाक्यावर उभा आहे. हा ढोबळ आकडा वाढलेल्या झाडासाठी सांगितला जातो. 22 किलो कार्बन डायऑक्साइडमध्ये 6 किलो कार्बन असतो आणि सुक्या लाकडाचे साधारण निम्मे वजन कार्बनचे असते; म्हणजे झाडाने वर्षाला 12 किलो सुके लाकूड घडवले पाहिजे. पिशवीतून नुकतेच काढलेले रोप पहिला उन्हाळा तगले तरी पुष्कळ. वादापुरता आकडा मान्य केला, तरी पाचशे झाडांचे 11 टन होतात. आपल्या ग्रीडच्या विजेमागे युनिटला सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो; तेव्हा महिन्याला आठ हजार युनिट वापरणाऱ्या कारखान्याची ही जेमतेम दोन महिन्यांची वीज झाली. भट्टीचा गॅस आणि जनरेटरचे डिझेल यात धरलेलेच नाही.

संदेशातले ‘झाडे लावणे हाच सर्वांत परिणामकारक उपाय असल्याचे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे’ हे विधान हवेतून आलेले नाही, हे कबूल केले पाहिजे. जुलै 2019 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात झुरिचच्या संशोधकांचा निबंध आला. जगात आणखी 90 कोटी हेक्टर वृक्षाच्छादनाला वाव आहे असा त्यांचा अंदाज होता आणि ‘सर्वांत परिणामकारक’ हे शब्दही त्यांचेच होते. मात्र त्यावर बरीच टीका झाल्यानंतर 2020 मध्ये त्याच लेखकांनी ते विधान चुकीचे असल्याचे मान्य करून दुरुस्ती छापली आणि वृक्षलागवड ही उत्सर्जन कमी करण्याला पर्याय नाही, असे स्पष्ट केले. संदेश लिहिणाऱ्याने निबंध उचलला आणि दुरुस्ती सोडून दिली.

मला खरा संताप आला तो ‘पडीक माळरानावर लागवड केल्याने कोणाचेच नुकसान होत नाही’ या वाक्याचा. सुपे, सासवड, बारामतीचा हा पट्टा पर्जन्यछायेतला आहे. तिथला माळ म्हणजे कोणी तोडून उजाड केलेले जंगल नव्हे, तर त्या पावसाला आणि त्या उथळ मातीला साजेशी, मुळातलीच गवताळ परिसंस्था आहे. चिंकारासाठी राखलेले मयूरेश्वर अभयारण्य सुप्यालाच आहे, लांडगे या माळांवर पिले वाढवतात आणि धनगरांची मेंढरे याच गवतावर जगतात. महसुली कागदावर ‘पडीक’ लिहिले म्हणून ही जमीन रिकामी होत नाही. गवत आपला बराचसा कार्बन मुळांत आणि मातीत साठवते, आणि आपण लागवडीसाठी जेसीबीने चर खणून नेमकी तीच माती उघडी पाडतो. वर लावायला बहुधा गिरिपुष्पच निवडले जाते, कारण ते भराभर वाढते आणि गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. मेंढपाळाच्या दृष्टीने त्याचा सरळ अर्थ चराई गेली एवढाच आहे.

‘कार्बन कायमचा बंदिस्त होतो’ या दाव्याला फार शब्द नकोत. चंद्रपूरचा कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून अधिक काळ जमिनीखाली होता; माळावरच्या झाडाचा भरवसा पुढच्या वणव्यापर्यंत किंवा कुऱ्हाडीपर्यंत.

सह्याद्रीतली तुटलेली राने राखली, देवराया सांभाळल्या, तर कार्बनही साठतो आणि ओढ्यांचे पाणीही टिकते, याबद्दल माझे दुमत नाही. भावाने तिथे पैसे द्यावेत, पण देणगी म्हणून, कारखान्याच्या कार्बनची फेड म्हणून नव्हे. त्याच्या मोठ्या ग्राहकाने उत्सर्जनाच्या हिशेबासाठी पाठवलेल्या तक्त्यात वीज, गॅस आणि डिझेल असे तीन रकाने आहेत. त्यांत बिलांवरचे आकडे जसेच्या तसे भरावेत आणि भट्टीच्या दारातून वाया जाणारी उष्णता आधी थांबवावी, असे मी त्याला कळवले आहे. पाचशे रोपे कोणत्या गट नंबरच्या जमिनीत लागणार, हेही विचारले आहे. ते त्यालाही सांगण्यात आलेले नाही.