रोलरला हात नसतात

दिग्याचा टेम्पो पासिंगला नापास झाला आणि त्या संध्याकाळी कट्ट्यावर दुसरा विषयच निघाला नाही. तो आला तोच हातात रिपोर्टाची गुंडाळी घेऊन. ती कट्ट्याच्या कडेवर आपटत म्हणाला, "मला दुसरं सेंटर सांगा. सोपं. जवळ असेल तर उत्तम, लांब असलं तरी चालेल, पण सोपं पाहिजे."

"सोपं म्हणजे?" मेधाने विचारलं.

"म्हणजे जिथे माणसं आहेत. इथे नुसती मशिनं."

रिपोर्ट हातोहात फिरला. मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक उजव्यापेक्षा फारच कमी, पुढचा एक टायर आतल्या बाजूने झिजलेला, हेडलाइटचा फोकस वर. शशीने तो दोनदा वाचला. शशीचं गॅरेज आहे, त्यामुळे अशा कागदाकडे तो डॉक्टरने एक्स-रे बघावा तसं बघतो.

"मशीन खोटं बोलतंय," दिग्या म्हणाला. "काल घाटात पूर्ण लोड होता. करकचून ब्रेक मारला. नाकासमोर सरळ थांबला टेम्पो."

"सरळ थांबला की तू थांबवलास?" शशीने विचारलं.

"एकच ना ते!"

"नाही. गाडी उजवीकडे ओढायला लागली की तू नकळत स्टेअरिंग डावीकडे धरतोस. नऊ वर्षं तोच टेम्पो चालवतोयस, तुझ्या हाताला सवय झालीये. तिथल्या मशीनच्या रोलरवर चाक ठेवलं की मोटर ते फिरवते, तू पेडल दाबलंस की चाक रोलरला किती अडवतं ते मोजलं जातं, डाव्याचं वेगळं, उजव्याचं वेगळं. रोलरला हात नसतात. तो सावरून घेत नाही."

दिग्या क्षणभर गप्प झाला. पण क्षणभरच. अण्णांनी त्याला पुन्हा पेटवलं.

अण्णांनी अर्धं आयुष्य ट्रकवर काढलंय. ते म्हणाले, "आमच्या वेळी टायर उसने आणायचे. एक जोडी होती, नक्षी अशी की बोट रुतेल. पासिंगच्या आदल्या दिवशी ती चढवायची, दुसऱ्या दिवशी उतरवून पुढच्याला द्यायची. त्या टायरांनी जेवढी पासिंगं केली तेवढे किलोमीटर काही केले नसतील. आग विझवायचा सिलिंडर तसाच, प्रथमोपचाराची पेटीही तशीच. रेडियम तेवढं स्वतःचं, कारण ते काढून देता येत नाही."

सगळे हसले. मेधा हसली नाही. ती विमा कंपनीसाठी अपघात झालेल्या गाड्या बघायला जाते, त्यामुळे या गोष्टींचा दुसरा अर्धा भाग तिला माहीत असतो.

"आणि ज्या दिवशी त्या टायरांची खरी गरज होती त्या दिवशी ते दुसऱ्याच्या ट्रकला होते, अण्णा."

"होते की. म्हणून तर सांगतोय, मशिनं आली ते बरं झालं."

हे दिग्याला अपेक्षित नव्हतं. अण्णा आपल्या बाजूने बोलतायत असं त्याला वाटलं होतं. मग त्याने मोर्चा माझ्याकडे वळवला. "याची कार तेरा वर्षांची. कुणी विचारतं याला? माझ्या टेम्पोला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, आता दर वर्षी. आणि हा पंधरा वर्षं पूर्ण होईपर्यंत निवांत. पीयूसी काढली की झालं. याच्या कारचे ब्रेक काय देव सांभाळतो?"

त्याचा हा मुद्दा खरा होता, म्हणून मला लागला. धंद्याची गाडी जास्त धावते, ओझं वाहते, म्हणून तिला लवकर लवकर तपासायचं हे बरोबर आहे. पण खाजगी गाडीकडे इतकी वर्षं कुणी बघायचंच नाही, याचं समर्थन मला जमलं नाही. पीयूसी धूर बघते, ब्रेक नाही. मी म्हणालो, "ब्रिटनमध्ये खाजगी कारलाही तीन वर्षांनंतर दर वर्षी लागते तपासणी. एमओटी म्हणतात."

"त्यांचं सगळंच वेगळं."

"वेगळं नव्हतं," मेधा म्हणाली. "१९६० साली त्यांनी सुरू केलं तेव्हा फक्त दहा वर्षांच्या पुढच्या गाड्यांसाठी होतं. ब्रेक, दिवे, स्टेअरिंग, बस. तपासायला लागल्यावर इतक्या गाड्या नापास झाल्या की १९६१ मध्ये दहाची सात वर्षं केली आणि १९६७ मध्ये तीन. ज्या मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्टवरून एमओटी नाव पडलं ते खातं त्या नावाने आता उरलं नाही, पण लोक अजून एमओटीच म्हणतात. आपण नाही का पासिंग म्हणतो? कागदावर फिटनेस लिहिलेलं असतं."

दिग्याने मोबाइल काढला होता. "हे बघ. टेक्सासने बंदच केली तपासणी. १ जानेवारी २०२५ पासून. अमेरिकेतली माणसं मूर्ख आहेत का?"

"पुढे वाच."

तो वाचायला लागला आणि त्याचा आवाज खाली आला. बंद झाली ती खाजगी गाड्यांची सुरक्षा तपासणी. व्यावसायिक गाड्यांची चालूच राहिली. म्हणजे टेक्साससुद्धा खाजगी गाडीवाल्याच्या, म्हणजे माझ्या बाजूने होतं, दिग्याच्या नाही. मी हे बोलून दाखवलं नाही. अण्णांनी दाखवलं.

खरा वाद यानंतर लागला, आणि तो शशीने लावला. त्याचं म्हणणं, तपासणी गॅरेजवाल्यांकडेच द्यावी. "आपल्याकडे २०२१ च्या नियमांनी स्वयंचलित सेंटर आणली आणि त्यांना सांगितलं, दुरुस्ती करायची नाही, पार्ट विकायचे नाहीत, नुसतं तपासायचं. मग होतं काय? दिग्या तिकडे गेला, नापास झाला, माझ्याकडे आला. मी दुरुस्त करणार, हा परत तिकडे जाणार. दोन दिवसांचा धंदा बुडाला. ब्रिटनमध्ये गल्लीतलं गॅरेजच एमओटी करतं. तिथेच नापास, तिथेच दुरुस्त, तिथेच पास."

"आणि तिथेच नसलेला दोष सापडतो," मेधा म्हणाली.

"मी काय चोर आहे?"

"तुझं नाही म्हणत रे. पण ज्याला दोष सापडला तर पैसे मिळतात, त्यालाच दोष शोधायला लावायचं? त्याच ब्रिटनमध्ये काही नगरपालिकांची सेंटर आहेत, स्वतःच्या बस आणि कचऱ्याच्या गाड्यांसाठी उभारलेली. तिथे बाहेरच्या माणसालाही गाडी नेता येते. ते दुरुस्ती करत नाहीत, म्हणून जाणते लोक मुद्दाम तिकडे जातात."

मग जर्मनी निघाली. ही गोष्ट मला मेधाकडूनच पहिल्यांदा कळली आणि माझ्या डोक्यात राहून गेलीये. तिथे टीयूव्ही नावाच्या संस्था गाड्या तपासतात, पण त्यांचा जन्म गाड्यांसाठी झालाच नव्हता. १८६५ मध्ये मानहाइमला बिअरच्या एका कारखान्यातला वाफेचा बॉयलर फुटला. दुसऱ्या वर्षी तिथल्या बॉयलरमालकांनीच एकत्र येऊन संघ काढला, की आपले बॉयलर आपण नेमलेल्या तज्ज्ञाकडून नियमित तपासून घ्यायचे. बॉयलर तपासणारे पुढे लिफ्ट तपासायला लागले, मग गाड्या. तपासणारा आणि दुरुस्त करणारा वेगळा, ही सवय तिथून आली. फ्रान्स आणि आयर्लंडमध्येही तपासणीचं सेंटर दुरुस्तीला हात लावत नाही.

"मग झालं तर. वेगळं ठेवा, प्रश्न मिटला," मी म्हणालो.

"कुठे मिटला?" आता शशीची पाळी होती. "नुसती तपासणी करणाऱ्याचं पोट कशावर? गाड्या किती येतात त्यावर. आणि गाड्या कुठे जास्त जाणार? हा आत्ता काय विचारत आला? सोपं सेंटर सांगा. म्हणजे जो कडक, त्याच्याकडे रांग नाही. जो सैल, त्याच्याकडे रांग. दुरुस्तीवाल्याला नापास करायचा मोह, नुसत्या तपासणीवाल्याला पास करायचा मोह. तुम्ही फक्त मोह बदललात."

मला वाटतं, त्या संध्याकाळचं सगळ्यात शहाणं वाक्य हे होतं, आणि ते बोलणारा स्वतः त्यातला एक मोह घेऊन बसला होता.

"मग सरकारनेच करावं," अण्णा म्हणाले. "सरकारला ना दुरुस्तीचं पडलंय, ना गिऱ्हाइकाचं."

"म्हणून तर रांग लागते," दिग्या म्हणाला.

"उत्तर आयर्लंडमध्ये सरकारच करतं," मेधा म्हणाली. "आणि २०२० च्या जानेवारीत त्यांना तपासण्या थांबवाव्या लागल्या. गाड्या ज्या लिफ्टवर उचलून बघतात त्या लिफ्टनाच तडे गेलेले निघाले. ५५ पैकी ४८ लिफ्ट."

यावर जे हसू फुटलं ते समोरच्या रस्त्यापर्यंत गेलं असेल. तपासणारेच नापास! लोकांच्या प्रमाणपत्रांना चार महिन्यांची मुदतवाढ द्यावी लागली, म्हणजे तडा लिफ्टला आणि सूट गाडीला.

माझं मत विचाराल तर, सेंटर निवडताना अंतर हा शेवटचा प्रश्न असावा. पहिला प्रश्न हा, की मी नापास झालो तर याचा फायदा की तोटा, आणि मी पास झालो तर? उत्तर कळलं की रिपोर्ट कसा वाचायचा ते कळतं. दुरुस्तीवाल्याने नापास केलं तर त्याला तो भाग दाखव म्हणायचं, चाक हाताने हलवून, हातात बॅटरी घेऊन. नुसत्या तपासणीवाल्याने दहा मिनिटांत पास केलं तर खूश व्हायचं नाही, जरा घाबरायचं.

शशीने यात भर घातली, ती अनुभवाची होती. तारीख संपायच्या आठवड्यात जाऊ नकोस, नापास झालास तर दुरुस्तीला वेळच उरत नाही आणि मग माणूस आडमार्ग शोधतो. सेंटरकडे मान्यता आहे का आणि तुझ्या वर्गाच्या गाडीची आहे का, ते वेळ घेतानाच बघ, कारण हलक्या गाड्यांच्या रोलरवर जड गाडी घेत नाहीत. धुराची चाचणी असेल तर इंजिन गरम करून जा. थंड इंजिन जास्त धूर ओकतं आणि दोष नसताना नापास होतं. सेंटर जरा लांब असेल तर हे काम आपोआप होतं. आणि दोषांचा छापील रिपोर्ट मागून घे, नुसतं तोंडी पास-नापास नको.

"ब्रिटनमध्ये २०१८ पासून दोषांचे तीन दर्जे केलेत," मेधा म्हणाली. "धोकादायक, मोठा, किरकोळ. पहिल्या दोघांत नापास. किरकोळ असेल तर पास, पण नोंद होते. आणि नंबर टाकला की कुठल्याही गाडीच्या जुन्या एमओटी कुणालाही बघता येतात, किलोमीटरसकट."

"कुणालाही? मग जुनी गाडी विकायची कशी?" अण्णा खरोखर दचकले.

दिग्याचा तोवर राग उतरला होता, पण हार मानायची नव्हती. "बरं, समज मी पास झालो. दुसऱ्या दिवशी ब्रेकचा पाइप फुटला तर? कागद वर्षभराचा, भरवसा एका दिवसाचा. उपयोग काय?"

याला कुणाकडेच सरळ उत्तर नव्हतं. शशी म्हणाला की पाइप एका दिवसात फुटत नाही, आधी गंजतो, आणि तो गंज खाली उभं राहून बघणाऱ्याला दिसतो. पण इंजिन, क्लच, गिअरबॉक्स किती दिवस चालतील हे कुठलंच पासिंग सांगत नाही, आणि बहुतेक ठिकाणी तपासणारा काही खोलूनही बघत नाही. ब्रेकच्या ड्रमच्या आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही. रोलर फक्त एवढं सांगतो की आत काहीतरी चाललंय.

"तुझ्या डाव्या ड्रममध्ये काय असेल ते मी आत्ता सांगतो," तो दिग्याला म्हणाला. "ॲक्सलचं ऑइल सील गेलंय. ऑइल ब्रेकच्या लायनरवर आलंय. लायनर पकडतच नाही, नुसता सरकतो. चाकाच्या आतल्या बाजूला ओलसर डाग असणार. बघितलास कधी?"

दिग्याने बघितला नव्हता. टेम्पो कोपऱ्यावरच उभा होता, म्हणून सगळे उठले. मोबाइलची बॅटरी लावून शशीने वाकून बघितलं, बोट फिरवलं आणि काही न बोलता ते काळं बोट दिग्यासमोर धरलं.

"दोन्ही बाजूंचे लायनर बदलावे लागतील. एकाच बाजूचे नवे घातलेस तर परत तेच, फक्त उलट्या बाजूला ओढेल."

"हां, बघ! आला दुरुस्तीवाल्याचा मोह!" मेधा म्हणाली. शशीसुद्धा हसला.

"पण फोकसचं मात्र मी ऐकणार नाही," दिग्या केबिनमध्ये चढत म्हणाला. "मागच्या महिन्यात मी स्वतः बल्ब बदललाय. लख्ख पडतो उजेड."

त्याने दिवे लावले. समोरच्या इमारतीच्या भिंतीवर डावा झोत कमरेच्या उंचीला पडला. उजवा दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत. बल्ब खोबणीत नीट बसलाच नव्हता. खिडकीतून कुणीतरी डोळ्यांवर हात धरून डोकावलं आणि जे ओरडलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दिग्याने दिवे बंद केले, खाली उतरला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "आता तुझी आण. भिंत आहे, शशी आहे, सगळे साक्षीदार आहेत."

मी म्हणालो, किल्ली घरी राहिलीये. ती खिशात होती.