एफ-१ व्हिसा आणि कॅम्पसवरचे काम : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

अमेरिकेत शिकायला निघालेल्या विद्यार्थ्यांच्या आणि त्यांच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश वारंवार फिरत असतो. त्याचा आशय असा : कॅम्पसवर काम करायला सरकारी परवानगी लागत नाही, म्हणून आवारातले कुठलेही काम चालते, आठवड्याला २० तासांची मर्यादा प्रत्येक नोकरीला वेगळी असते, विद्यार्थ्यांना कर लागत नाही, जादा तासांचे पैसे रोखीने घेतले तर कोणाला पत्ता लागत नाही, आणि या कमाईतून फी निघते. यातले पहिले अर्धे वाक्य खरे आहे, आणि त्याच्याच आधारावर पुढचे सगळे खपून जाते.

परवानगीपासून सुरुवात करू. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याला कॅम्पसवरच्या कामासाठी अमेरिकी इमिग्रेशन खात्याकडून वर्क परमिटचे कार्ड काढावे लागत नाही, हे बरोबर आहे. पण ही मुभा त्याच्या स्टेटसशी, म्हणजे विद्यार्थी म्हणून अमेरिकेत राहण्याच्या कायदेशीर दर्जाशी, बांधलेली आहे. पूर्णवेळ अभ्यासक्रम चालू असला पाहिजे आणि सेव्हिसमधली, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीतली, नोंद ज्या विद्यापीठाकडे आहे, त्याच विद्यापीठात काम केले पाहिजे. नवीन विद्यार्थ्याला वर्ग सुरू होण्याआधी फार तर ३० दिवस कामावर रुजू होता येते. डीएसओला, म्हणजे विद्यापीठातल्या ज्या अधिकाऱ्याच्या सहीने आय-२० हा पात्रतेचा दाखला मिळतो त्याला न विचारता एखादा विषय सोडला आणि क्रेडिट्स कमी पडली, तर स्टेटस धोक्यात येते आणि कामाचा हक्कही त्याच्याबरोबर जातो.

‘आवारातले कुठलेही काम’ हा दावा तर नियमाच्या शब्दांनाच धरून नाही. विद्यापीठाचे पुस्तकांचे दुकान किंवा कॅफेटेरिया खासगी कंपनी चालवत असली, तरी ती विद्यार्थ्यांना थेट सेवा देते, म्हणून तिथली नोकरी कॅम्पसवरची ठरते. त्याच आवारात नवे वसतिगृह बांधणाऱ्या कंत्राटदाराकडची नोकरी मात्र ठरत नाही. बांधकाम कंपनीचे हे उदाहरण नियमातच दिलेले आहे. उलट, शैक्षणिकदृष्ट्या विद्यापीठाशी जोडलेल्या बाहेरच्या प्रयोगशाळेतले काम, ते अभ्यासक्रमाशी किंवा पदव्युत्तर पातळीवरच्या करारबद्ध संशोधनाशी निगडित असेल, तर कॅम्पसवरचे मानले जाऊ शकते. त्यामुळे जागा कुठली आहे एवढे पाहून निर्णय घेता येत नाही आणि ऑफर स्वीकारण्याआधी डीएसओला विचारणे भाग असते.

सर्वांत जास्त नुकसान २० तासांच्या चुकीच्या अर्थाने होते. सत्र चालू असताना आठवड्याला २० तास ही कॅम्पसवरच्या सर्व कामांची मिळून मर्यादा आहे. ग्रंथालयात १२ तास आणि डायनिंग हॉलमध्ये १० तास काम केले, तर दोन्ही विभागांच्या हिशेबी सगळे ठीक दिसते, पण विद्यार्थ्याने मर्यादा ओलांडलेली असते. एका आठवड्यात १५ आणि पुढच्या आठवड्यात २५ तास करून सरासरी काढण्याचीही सोय नाही. एमएस आणि पीएचडीचे विद्यार्थी इथे विशेष फसतात, कारण टीए (शिकवण्यातला सहायक) किंवा आरए (संशोधनातला सहायक) म्हणून केलेल्या कामाचे तास याच मर्यादेत मोजले जातात. २० तासांची असिस्टंटशिप असेल तर सत्राच्या काळात शनिवार-रविवारची दुसरी नोकरी करता येत नाही. सुट्टीत पूर्णवेळ काम करता येते, पण पुढच्या सत्रात शिकायचे असेल तरच. शेवटचे सत्र संपवून अभ्यासक्रम पूर्ण झाला की कॅम्पसवरच्या कामाची ही मुभाही संपते.

‘कर लागत नाही’ हे अर्धवट खरे आहे. एफ-१ विद्यार्थी साधारणपणे पहिली पाच कॅलेंडर वर्षे करासाठी अनिवासी धरला जातो आणि तोवर त्याच्या या पगारातून सोशल सिक्युरिटी (निवृत्तिवेतन) व मेडिकेअर (आरोग्यविमा) या सरकारी योजनांचे मिळून ७.६५ टक्के कापले जायला नकोत. पे-स्लिपवर ही कपात दिसली, तर आधी पे-रोल विभागाकडे परतावा मागावा. आयकर मात्र लागू असतो. भारत-अमेरिका कर-करारातल्या २१व्या कलमामुळे भारतीय विद्यार्थ्याला स्टँडर्ड डिडक्शन मिळते, म्हणून प्रत्यक्ष कर पुष्कळदा थोडाच येतो. पण पगार मिळाला असेल तर १०४०-एनआर हे विवरणपत्र भरण्याचा विषय टाळता येत नाही, आणि अनिवासी विद्यार्थ्याला एक डॉलरही मिळाला नसला तरी फॉर्म ८८४३, म्हणजे अमेरिकेतल्या वास्तव्याची माहिती देणारा अर्ज, द्यावाच लागतो.

आता फीचा हिशेब. अमेरिकेतले संघीय किमान वेतन २००९पासून तासाला ७.२५ डॉलर आहे. २० तासांचे आठवड्याला १४५ डॉलर आणि १५ आठवड्यांच्या सत्राचे २,१७५ डॉलर होतात. अनेक राज्यांत आणि विद्यापीठांत दर बराच जास्त असतो, म्हणून रक्कम दुप्पट धरली तरी किराणा आणि भाड्याचा काही वाटा यापलीकडे ती फारशी जात नाही. शिवाय नोकरी मिळेलच याची हमी कोणी देत नाही. घरचे कर्जाचे गणित या कमाईवर बसवू नये, अशी माझी पालकांना कळकळीची विनंती आहे.

रोखीच्या सल्ल्याबद्दल मला सर्वाधिक राग आहे, कारण त्यातला सगळा धोका विद्यार्थ्याच्या माथी येतो. पैसे रोखीने घेतल्याने अनधिकृत काम अधिकृत होत नाही. असे काम उघड झाले तर स्टेटस जाते आणि ते परत मिळवण्याचा नेहमीचा मार्गही बंद होतो, कारण अनधिकृत काम केलेले नसणे ही रीइन्स्टेटमेंटची एक अट आहे. पुढे अमेरिकेत राहून ग्रीन कार्डसाठी अर्ज करताना, पूर्वी कधी परवानगीशिवाय काम केले होते का, हा प्रश्न थेट विचारला जातो. तिथे खोटे उत्तर देणे हा आणखी गंभीर अपराध ठरतो.

पैशांची खरोखरच अडचण आली, तर नियमांतच वाट आहे. एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्यावर, अनपेक्षित आणि गंभीर आर्थिक संकट कागदपत्रांनिशी दाखवता आले, तर डीएसओच्या शिफारशीने कॅम्पसबाहेरच्या कामासाठी वर्क परमिट मागता येते, मात्र ते हाती येईपर्यंत काम सुरू करता येत नाही. आणि ज्याचे तास आधीच मर्यादेबाहेर गेले आहेत, त्याने ग्रुपवर उपाय विचारत बसू नये. जादा काम त्याच दिवशी थांबवावे, पे-स्लिप आणि हजेरीच्या नोंदी जपून ठेवाव्यात आणि पुढचे कोणतेही पाऊल उचलण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाचा सल्ला घ्यावा.